धरणाच्या पायथ्याशी कोण राहतो?

अमलनाला म्हटले की राजुरा-गडचांदूरच्या तरुणांना पावसाळी सहल आठवते. आम्हाला मात्र तिथल्या मातीच्या भिंतीखाली, नाल्याच्या काठाने राहणाऱ्यांबद्दल विचारायचे आहे. पाणी अचानक वाढले तर त्यांना कोण सांगणार, किती वेळ आधी आणि कोणत्या भाषेत?

मातीचे धरण एका दिवसात खचत नाही. भरावावर झुडपे वाढतात, घुशी बिळे करतात, सांडव्यात झाडोरा अडकतो. पायथ्याशी थोडा पाझर असतोच. पण तो वाढला, गढूळ झाला, तर भरावाची माती आतून वाहून चालली असे समजावे. हे ओळखायला भिंतीवर रोज फिरणारा माणूस लागतो.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना! खेकड्याला ना निविदा काढावी लागते, ना तपासणीवर सही करावी लागते.

३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षा कायदा लागू आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. जुन्या धरणांसाठी पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे. त्यात कोणता भाग बुडेल याचा नकाशाही हवा. पण हा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांचा. आपल्या जिल्ह्यांतले बहुतेक मामा तलाव त्याबाहेरच राहतात.

गावात उंचावरची जागा कोणाला मिळाली आणि नाल्याकाठची कोणाच्या वाट्याला आली, हे आम्ही सांगायला नको. जातीने ठरवलेली वस्ती पुराच्या नकाशावरही दिसते. म्हणून धरणाची सुरक्षा हा केवळ अभियंत्यांचा विषय नाही.

आंबेडकरी चळवळीचे पाण्याशी नाते चवदार तळ्यावर संपत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासारख्या नदी योजनांना दिशा दिली. तो वारसा फक्त जयंतीच्या भाषणात ठेवायचा का?

तरुणांनो, माहिती अधिकारात शेवटचा तपासणी अहवाल आणि कृती आराखडा मागा. बुडीत क्षेत्राचा नकाशा ग्रामसभेत लावायला भाग पाडा. इशारा मराठीसोबत गोंडी आणि कोलामीतही द्यावा, असा ठराव घ्या. मामा तलावांची तपासणीही त्यातच मागा. सुरक्षितता ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

जय भीम!