चौथी सीट, सोळा तास

जाता-येता / पेणकर

दिवा–रोहा मेमूने ये-जा करणाऱ्याला चौथी सीट समजावून सांगावी लागत नाही. तिघांच्या बाकावर अर्धं बूड टेकवायचं आणि नागोठणं कधी येतंय ते पाहायचं. विमान कंपन्यांनी बोइंग 777 मध्ये हेच केलं. पूर्वी इकॉनॉमीत एका रांगेत बहुधा नऊ खुर्च्या असत, आता बहुतेक ठिकाणी दहा. विमान तेवढंच, खुर्ची अठरा इंचांवरून सतरावर आली. आणि मुंबई–न्यूयॉर्क थेट गेलं तरी पंधरा-सोळा तास.

लेकीच्या बाळंतपणाला निघालेले बाबा म्हणतात, "बसायचंच तर आहे, स्वस्तातलं काढ." पोह्याचे पापड नि मिरगुंडं मावावीत म्हणून किलोंवर आठवडाभर खल होतो, गुडघ्यांच्या इंचांबद्दल कुणी बोलत नाही. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर 31-32 इंच, प्रीमियम इकॉनॉमीत साधारण 38. सत्तरीच्या गुडघ्याला हे सहा इंच म्हणजे चैन नव्हे. बिझनेसमध्ये खुर्चीचा पलंग होतो, पण भाडं कित्येक पट. मुलांना झेपत असेल तर खुशाल काढावं. नसेल तर माझं मत असं, की निदान जाताना प्रीमियम घ्यावं. तिथे उतरल्या उतरल्या पथ्यपाणी सुरू होतं. परत आल्यावर पेणला आठ दिवस झोपायला कुणाची ना नाही.

आखातातला थांबा दोन-तीन तासांचा असला तर बरा, पाय मोकळे होतात. मध्यरात्री सहा तास ताटकळवणारा मात्र, कितीही स्वस्त असो, नको.

इकॉनॉमीच घेतली तर कडेची, वाटेलगतची जागा आधीच मागून ठेवावी. विमानातली हवा आपल्या खाडीकाठासारखी दमट नसते. आर्द्रता बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली. दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्यासारखा, म्हणजे महाबळेश्वराच्याही वरचा. घसा कोरडा पडतो, पण मधे अडकलेली आई शेजाऱ्याला उठवायला नको म्हणून पाणीच पीत नाही. तासन्‌तास हलतही नाही, आणि पायांना सूज येते.

आमच्या आळीतल्या काकू पहिल्यांदा जाऊन आल्या. उतरताना बिझनेसमधून बाहेर पडायची वाट होती. पसरलेल्या गाद्या, चुरगळलेल्या रजया, उशा बघून त्यांनी काकांना हळूच विचारलं, "अगंबाई, एवढे आजारी होते विमानात?"