सल्ला कोणाच्या हिशेबाचा?

दिवाळीत घरोघर लक्ष्मीपूजन होते. त्या निमित्ताने लक्ष्मीच्या एका नव्या पुरोहिताविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत. ते गोड नाहीत. परंतु चकल्या-अनारशांच्या ताटात एखादी कारल्याची फोड वाचकांनी चालवून घ्यावी. हा पुरोहित म्हणजे गुंतवणूक-सल्लागार. त्याच्याविषयी मी प्रथमच सांगून टाकतो की, तो लबाड नव्हता. लबाड असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. लबाडांसाठी पोलीस आहेत, न्यायालये आहेत. माझे भांडण आहे ते सज्जन, हुशार आणि बेरजेत कधीही न चुकणाऱ्या सल्लागाराशी. त्याच्याविरुद्ध तक्रार कोठे करावयाची, हे अजून कोणी ठरविलेले नाही.

मी नगर जिल्ह्यातला. सरकारदरबारी आता अहिल्यानगर म्हणतात, पण आमच्या तोंडी नगरच बसले आहे. गाव पाथर्डी तालुक्यात. एका सहकारी साखर कारखान्यात मी बत्तीस वर्षे हिशेबनीस होतो. हजारो सभासदांच्या उसाची बिले माझ्या हातून गेली. २०१६ साली निवृत्त झालो, तेव्हा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून चौदा लाख रुपये आले. एवढे पैसे आमच्या घराण्यात कोणी एकदम पाहिले नव्हते. पेन्शन म्हणाल, तर कारखान्याच्या नोकरीची पेन्शन किराण्यालाही पुरत नाही. तेव्हा हे चौदा लाख म्हणजेच आमचे म्हातारपण होते.

या पैशाचे वाटप घरात आधीच झालेले होते. कोणी बैठक घेतली नव्हती, कागदावर काही लिहिले नव्हते. तरी सर्वांना ते ठाऊक होते. पहिले, धाकट्या भावाच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरवावयाचा. विहीर आणि पाइपलाइन यांसाठी सोसायटीकडून काढलेले ते तीन लाखांचे कर्ज होते. मी नोकरीला गेलो तेव्हा शेतावर राहिला तो, आणि आईवडिलांना सांभाळले तेही त्यानेच. दुसरे, आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया. तिसरे, मुलीच्या अभियांत्रिकीची उरलेली वर्षे. चौथे, जे काही उरेल ते पोस्टात. त्याच्या व्याजावर आम्ही दोघे.

सल्लागार माझ्या एका जुन्या स्नेह्याचा मुलगा. सावेडीला त्याचे टापटिपीचे कार्यालय आहे. मला काका म्हणतो आणि अजूनही वाकून नमस्कार करतो. त्याने एक छापील अर्ज पुढे केला. 'काका, तुमची उद्दिष्टे कोणती?' असे विचारून तो चौकटी भरू लागला. निवृत्ती, मुलांचे शिक्षण, मुलांचे लग्न, घर, मोटार, परदेश सहल, एवढ्या चौकटी होत्या. परदेश सहलीला जागा होती. भावाच्या सातबाऱ्याला नव्हती, आणि आईच्या गुडघ्यांनाही नव्हती. मी दोन्ही गोष्टी तोंडी सांगितल्या. तो आदराने ऐकत होता. परंतु त्याचे पेन कागदाला टेकले नाही.

मग त्याने हिशेब मांडला. सोसायटीचे व्याज अमुक टक्के, बाजारात मिळेल तमुक टक्के. तेव्हा स्वस्त कर्ज फेडण्यात पैसा घालणे म्हणजे तोटा. 'शिवाय काका, कर्जमाफी होणार असे सगळे म्हणतात. कशाला भरता?' आईच्या वयाला शस्त्रक्रिया झेपेल का, याचाही विचार करावा, असे तो हळूच बोलला. आमच्या मंडळींनी तेथेच सांगितले, 'आधी भाऊजींचा बोजा उतरवा, मग काय ते करा.' त्यावर तो हसून म्हणाला, 'काकू, ते भावनेचे झाले. पैशात भावना आणू नये.'

आणि मी, बत्तीस वर्षांचा हिशेबनीस, गप्प बसलो. बाजाराशी जोडलेल्या एका विमा योजनेत आठ लाख रुपये एकरकमी भरून मोकळा झालो. पाच वर्षे त्यांना हात लावता येणार नाही, हे कागदावर लिहिलेले होते. मी ते वाचले होते. तेव्हा मला फसविले असे मी म्हणणार नाही. मला माझ्या घरच्या शहाणपणाची लाज वाटली, इतकेच.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २०१७ च्या जूनमध्ये कर्जमाफी खरोखरच जाहीर झाली, दीड लाखापर्यंतची. परंतु ती थकबाकीदारांसाठी होती, आणि भाऊ तोवर हप्ते वेळेवर भरणारा! तो त्या माफीत बसला नाही. २०१८ साली पावसाने पाठ फिरविली. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमचा तालुका त्यात होता. जिच्यासाठी कर्ज काढले त्या विहिरीनेच तळ दाखविला. हप्ता थकला, आणि थकबाकीदाराला सोसायटी नवे पीककर्ज देत नाही. जनावरे चारा छावणीत बांधून भाऊ खाजगी सावकाराच्या दारात गेला. दर शेकडा तीन, तोही महिन्याचा. वर्षाचे छत्तीस टक्के! माझ्या नावावर आठ लाख रुपये होते आणि त्यांतले ऐंशी रुपये मला काढता येत नव्हते. हातातली बाकीची रक्कम मुलीच्या फीमध्ये आणि रोजच्या खर्चात संपत आली होती. २०१९ च्या उन्हाळ्यात भावाने बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला वीस गुंठे विकले. डिसेंबरात दुसरी कर्जमाफी जाहीर झाली तेव्हा जमीन गेलेली होती. आई त्याच हिवाळ्यात वारली. शेवटची तीन वर्षे ती अंगणापलीकडे गेली नाही.

२०२१ साली पाच वर्षे पुरी झाली. आठ लाखांचे जवळजवळ तेरा लाख झाले. सल्लागाराचा फोन आला. 'बघा काका, मी सांगितले नव्हते?' त्याचा स्वर खरोखर आनंदाचा होता.

वाचकहो, माझा मुद्दा येथेच आहे. योजना बुडाली असती तर तुम्ही माझ्याबद्दल हळहळला असता आणि बाजाराला शिव्या दिल्या असत्या. परंतु योजना फळली. त्याची बेरीज बरोबर आली. आणि तरीही मी म्हणतो की तो सल्ला चुकीचा होता. ज्या दिवशी दिला त्याच दिवशी चुकीचा होता. कारण ज्या प्रश्नाचे उत्तर मागितले होते त्याला बगल देऊन त्याने दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले. आम्ही विचारीत होतो, 'हे आधी करावयाचे आहे, ते करून उरलेले कोठे ठेवू?' त्याने उत्तर दिले, 'चौदा लाखांचे जास्तीत जास्त किती होतील?' तेरा लाख आज माझ्यापाशी आहेत. त्यांनी ते वीस गुंठे परत येत नाहीत, शेजारी विकावयास तयार नाही. आईचे गुडघे तर कोणत्याच बाजारात मिळत नाहीत.

यावर सल्लागाराच्या बाजूने जे बोलता येण्यासारखे आहे, ते मी डावलीत नाही. महागाई पैसा खाते, हे खरे. कपाटात आणि सोन्यात पैसा घालून आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या नुकसान सोसले, हेही खरे. घरातले लोक भिडेपोटी चुकीचे खर्च करतात, मानपानात लग्ने बुडवितात. अशा वेळी बाहेरच्या माणसाने कान धरावा, हे तर हवेच. परंतु कान धरणे वेगळे आणि कान बंद करून घेणे वेगळे. बोजा आधी उतरविण्यात कोणती जोखीम टळते, हे त्याने विचारले असते, तर भाऊ दुष्काळी तालुक्यात एका विहिरीवर बसला आहे हे त्याला कळले असते. थकलेल्या हप्त्याबरोबर पुढचे पीककर्जही जाते, हे आमच्या गावातल्या पोराला ठाऊक असते. सावेडीच्या कार्यालयातल्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

ज्याला तो 'भावना' म्हणाला, ती काय होती? पर्जन्यछायेतल्या मुलखात राहून आलेले ते ज्ञान होते. पाऊस दर काही वर्षांनी दगा देतो, तेव्हा आधी जमीन मोकळी ठेवावी. धडधाकट भाऊ शेतावर असेल तर उद्या आपल्यालाही भाकरी आहे. हा हिशेबच आहे. तो टक्क्यांत मांडलेला नसतो म्हणून त्याला अडाणीपणा म्हणावयाचे काय? अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आम्हाला शिकविले जाते. येथे तर अंथरूण आमचे, पाय आमचे आणि झोपावे कसे हे ठरविणार तिसराच!

तज्ज्ञ नकोत, असे मात्र माझे म्हणणे नाही. तज्ज्ञ कसा असावा, याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली गावात पतपेढी काढली. पुढे प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. त्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक आणि पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या कारखान्याचा अध्यक्ष झाला. शेतकऱ्यांना दुसरीकडे जास्त व्याज मिळेल, असे सांगावयास तो आला नव्हता. ऊस आमचा, कारखाना आमचा असावा, हा हेतू शेतकऱ्यांचा होता; तज्ज्ञाने आपली विद्या त्या हेतूच्या कामी लावली. सहकाराचे पुढे काय झाले, हा निराळा विषय आहे. परंतु हेतू घरच्यांचा आणि विद्या तज्ज्ञाची, हा क्रम तेथे उलटला नव्हता.

आणखी एक जुनी गोष्ट. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो वणवा नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांनी काय लुटले? मुख्यतः कागद. कर्जरोखे हिसकावून घेतले आणि जाळले. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा झाला. रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता, त्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. परक्या सरकारलादेखील तेव्हा कळले की, सही म्हणजे संमती असे प्रत्येक वेळी नसते.

आजचा कायदा काय म्हणतो? सेबीने २०१३ साली सल्लागारांसाठी नियम केले. फी घेऊन सल्ला देणारा निराळा आणि कमिशन घेऊन योजना विकणारा निराळा, असे ठरविले. २०२० साली त्यात दुरुस्ती झाली: ज्या कुटुंबाला सल्ला द्यावयाचा, त्याच कुटुंबाला माल विकून कमिशन खावयाचे नाही. उत्तम! परंतु कुटुंब म्हणजे कोण? तर गुंतवणूकदार आणि त्याच्यावर अवलंबून असलेले पतीपत्नी, मुले आणि आईवडील. भाऊ त्यात नाही. ज्याच्या जिवावर मी नोकरी केली तो माझा भाऊ, नियमांच्या लेखी माझ्या कुटुंबातला नाही. मग अर्जात त्याची चौकट येणार कोठून? माझा सल्लागार तर या नियमांप्रमाणे सल्लागारही नव्हता. तो विकणारा होता. पाटीवर मात्र 'सल्लागार' लिहिलेले होते. त्याला पैसे कोण देतो, हे मी विचारले नाही. फुकट सल्ला मिळतो आहे याचाच मला आनंद!

दोष माझाही आहे, हे मी लपवीत नाही. परंतु माझ्यासारखे पुष्कळ आहेत. शिक्षक, एस.टी.चे कंडक्टर, कारखान्यातले कामगार दरवर्षी निवृत्त होतात, आणि आयुष्याची पुंजी घेऊन अशाच एखाद्या गुळगुळीत टेबलासमोर बसतात. त्यांना माझे सांगणे असे आहे. जाण्यापूर्वी घरात सर्वांनी बसून, मराठीत, एका कागदावर लिहा की आधी काय, मग काय आणि शेवटी काय. तो कागद सल्लागारापुढे ठेवा आणि त्याच्या अर्जाला जोडावयास लावा. जो म्हणेल की याची गरज नाही, तेथून उठा. दुसरे, 'तुम्हाला पैसे कोण देतो?' हे तोंडावर विचारा. भीड बाळगू नका. तुमच्या पैशाने त्याचे घर चालते. तिसरे, 'पुढच्या वर्षी विहीर आटली तर यातले किती आणि किती दिवसांत हाती येतील?' याचे उत्तर लेखी घ्या. चौथे, विमा घेतलाच तर कागदपत्रे हाती आल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. माझ्या वेळी पंधराच दिवस होते. मी तेही झोपेत घालविले. आणि पाचवे, बायकोला बरोबर न्या आणि ती बोलेल तेव्हा गप्प बसा. आमच्या खोलीत त्या दिवशी शहाणपणाचे वाक्य एकच उच्चारले गेले, ते तिचे होते.

परवा तो मुलगा दिवाळीची मिठाई घेऊन आला होता. नमस्कार केला. नवी योजना निघाली आहे, म्हणाला. मी त्याला भावाच्या शेतावर नेले आणि बांधावरून ते वीस गुंठे दाखविले. तेथे शेजाऱ्याचा कांदा चांगला आला आहे. तो थोडा वेळ पाहत उभा राहिला, मग म्हणाला, 'काका, तुम्ही तेव्हा नीट सांगितले नाहीत.'

मी सांगितले होते. परंतु याच्यापुढे कोणालाही तसे म्हणावयास जागा राहू नये, म्हणूनच तो घरचा कागद लिहून न्या, असे मी म्हणतो.