शितावरून भाताची परीक्षा

१ जून २०२४ रोजी लोकसभेच्या अखेरच्या टप्प्याचे मतदान संपले आणि त्याच सायंकाळी दूरचित्रवाहिन्यांवर आकड्यांची आतषबाजी सुरू झाली. बहुतेक सर्व एक्झिट पोलनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० च्या पुढे नेऊन बसविले. काहींची झेप तर ४०० च्याही पलीकडे गेली. ३ जूनला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक अडीच हजार अंशांनी उसळला. ४ जूनला प्रत्यक्ष मतमोजणी झाली तेव्हा आघाडी २९३ वर आणि भारतीय जनता पक्ष २४० वर थांबला होता. त्या एका दिवसात निर्देशांक सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. सरकार कोणाचे येणार, हे चाचण्यांनी बरोबर सांगितले होते. पण त्यांच्या आकड्यांवर विसंबून आदल्या दिवशी चढ्या भावाने समभाग घेणाऱ्या मध्यमवर्गीय गुंतवणूकदाराला त्या अचूकतेचा काय उपयोग?

हा प्रकार नवा नाही. २००४ साली बहुतेक चाचण्यांनी रालोआला सुमारे २३० ते २७५ जागा देऊ केल्या होत्या. प्रत्यक्षात आघाडी १९० च्या आतच राहिली आणि भाजपच्या जागा १८२ वरून १३८ वर आल्या. उलट ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणात काँग्रेसचे सरकार येणार, असे झाडून साऱ्या वाहिन्यांनी जाहीर केले. निकालात भाजपने ९० पैकी ४८ जागा जिंकल्या. चूक कधी या बाजूची, कधी त्या बाजूची. तरीही ज्याच्या विरोधात आकडे जातात तो पक्ष चाचण्यांना 'विकाऊ' ठरवितो आणि ज्याच्या बाजूने जातात तो पेढे वाटतो. या दोन्ही प्रतिक्रियांत एक गोष्ट समान आहे : आकडा कसा काढला, हे कोणीच विचारीत नाही.

शीत कोणते घ्यावे?

शितावरून भाताची परीक्षा करता येते, हे मराठी गृहिणीला संख्याशास्त्र जन्मण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र परीक्षा करण्यापूर्वी ती भात खालीवर करते. वरवरचेच शीत चाचपून पाहिले तर तळाचा भात करपलेला आहे की मधला कच्चा आहे, हे कळणार नाही. नमुना सर्वेक्षणाचे सारे शास्त्र या एका कृतीत सामावले आहे. समाजातील प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी मिळाली पाहिजे आणि निवड सर्वेक्षकाच्या सोयीवर राहता कामा नये.

ही अट पाळली नाही तर नमुना कितीही मोठा असला तरी व्यर्थ ठरतो. अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे एक कोटी नागरिकांना नमुना मतपत्रिका पाठविल्या. सुमारे २३ लाख परत आल्या आणि त्यांच्या आधारे लँडन यांचा विजय जाहीर झाला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते प्रामुख्याने दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून. मंदीने पोळलेला सामान्य माणूस त्या याद्यांत फारसा नव्हताच. शिवाय ज्यांनी उत्तर देण्याची तसदी घेतली, त्यांचा कल न देणाऱ्यांपेक्षा वेगळा होता. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला. आजही 'आमचा नमुना लाखांचा' अशी जाहिरात होते, तेव्हा हे २३ लाख आठवावेत.

गणित असे सांगते, की योग्य रीतीने निवडलेल्या १,००० लोकांच्या उत्तरात साधारण तीन टक्क्यांची इकडे-तिकडे चूक संभवते. ही चूक निम्मी करायची तर नमुना चौपट, म्हणजे ४,००० करावा लागतो. त्यापुढे खर्च वाढतो, अचूकता फारशी वाढत नाही. खरा धोका या हिशेबात न मावणाऱ्या चुकांचा असतो.

भारतीयांना हे पाश्चात्त्यांकडून ऐकण्याची आवश्यकता नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी स्वातंत्र्यापूर्वीच केली आणि १९५० पासून त्यांच्याच प्रेरणेने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांच्या संदर्भात एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. शेतातील अगदी लहान तुकडा आखून पीक कापले, की उत्पादनाचा अंदाज फुगतो. कारण सीमेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून नकळत आत ओढली जातात. माणूस अप्रामाणिक नसतो, पण त्याचा हात भरघोस रोपाकडे झुकतो. जनमत चाचणीतही तेच घडते. सर्वेक्षकाचे पाऊल ओळखीच्या आळीकडे, उघड्या दाराकडे आणि बोलक्या माणसाकडे वळते.

दारात उभे राहिल्यावर

भारतातील जबाबदार अभ्यासात आधी मतदारसंघ, मग मतदान केंद्र आणि शेवटी मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे, अशी टप्प्याटप्प्याने निवड करतात. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात यादीतला तरुण चाकरीसाठी पुण्याला किंवा सुरतेला गेलेला असतो. शहरातील गृहसंकुलाचा पहारेकरी सर्वेक्षकाला आत सोडीत नाही. गावात प्रश्न स्त्रीला विचारला तर उत्तर तिचा पती किंवा सासरा देतो. वस्तीतला दुर्बल माणूस समोरच्याचा पेहराव, बोली आणि आडनाव न्याहाळतो आणि त्याला रुचेल असे काहीतरी सांगून मोकळा होतो. म्हणूनच दिल्लीतील सीएसडीएस या संस्थेच्या 'लोकनीती'ने नकली मतपत्रिका आणि नकली मतपेटी वापरण्याची पद्धत ठेवली. गुप्ततेची खात्री पटली तरच माणूस मन उघडे करतो. याउलट दिवसाला अमुक इतके अर्ज भरण्याचा तगादा लागलेला कंत्राटी सर्वेक्षक झाडाखाली बसून तेच अर्ज स्वतःच भरून टाकू शकतो. कोणतेही सूत्र अशा कागदांतून सत्य काढू शकत नाही.

प्रश्नाच्या शब्दांतही पेच असतो. 'सरकारच्या कामावर आपण समाधानी आहात का?' आणि 'महागाई वाढली असताना सरकारच्या कामावर आपण समाधानी आहात का?' या दोन प्रश्नांना एकच माणूस वेगवेगळी उत्तरे देईल. नमुन्यात एखादा वर्ग कमी पडला, तर जनगणनेच्या प्रमाणाने त्याचे वजन वाढवितात. पण २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने २०२४ मध्येही २०११ चेच मोजमाप हाताशी होते.

टक्क्यांपासून जागांपर्यंत

हे सारे अडथळे पार करून मतांची टक्केवारी बरोबर आली, तरी जागांचे कोडे उरतेच. मध्य प्रदेशात २०१८ साली भाजपला ४१.०२ टक्के मते आणि १०९ जागा मिळाल्या, काँग्रेसला ४०.८९ टक्के मते आणि ११४ जागा. मते अधिक, जागा कमी! हरियाणात २०२४ साली दोन्ही पक्षांच्या मतांत एक टक्क्याचेही अंतर नव्हते, जागांत मात्र अकराचे अंतर पडले. तीन टक्क्यांची चूक गृहीत धरणाऱ्या साधनाने पाव टक्क्याची लढत मोजायला निघणे म्हणजे लाकडाच्या वखारीतील काट्यावर सोने तोलणे होय. प्रामाणिक संशोधक अशा वेळी 'सांगता येत नाही' असे म्हणेल. पण 'सांगता येत नाही' हे वाक्य वाहिनीच्या पडद्यावर विकले जात नाही.

कायद्याने एक मर्यादा घातली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार २०१० पासून, शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाहीत. भारतीय वृत्तपत्र परिषदेने तर १९९६ सालीच सांगून ठेवले होते, की चाचणी छापताना ती कोणी केली, नमुना किती व कसा निवडला आणि चुकीची शक्यता किती, हे ठळकपणे द्यावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनीही नमुना किती होता, सर्वेक्षण कोठे झाले, असे प्रश्न उपस्थित करून माध्यमांना आत्मपरीक्षणाचे आवाहन केले. ब्रिटनमध्ये २०१५ च्या निवडणुकीत अंदाज चुकले, तेव्हा चाचणी संस्थांच्या पुढाकाराने स्वतंत्र चौकशी झाली आणि नमुनेच प्रातिनिधिक नव्हते, असा निष्कर्ष जाहीरपणे मांडला गेला. आपल्याकडे निकालाचा आठवडा सरला, की चर्चाही सरते. पुढच्या निवडणुकीत तेच चेहरे, तेच पडदे आणि तोच आत्मविश्वास!

कार्यकर्त्यासाठी धडा

समाजात काम करणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, अनुकूल आकड्यांनी सैलावू नये आणि प्रतिकूल आकड्यांनी खचू नये. विजय ठरलेलाच आहे, अशी हवा झाली की शेवटच्या मतदाराला घराबाहेर काढण्याचे कष्ट कोण घेणार?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. 'चाचण्या काय सांगतात, आम्ही घरोघर फिरतो, आम्हाला लोकांचे मन ठाऊक आहे,' असे अनेक जण अभिमानाने म्हणतात. पण ही घरे कोणती? जिथे चहा मिळतो, जिथे 'या, बसा' म्हणतात ती! नाराज माणूस दार अर्धवट उघडतो, हसून मान डोलावतो आणि मनातले मनातच ठेवतो. संपर्काचे मोल मोठे आहे. परंतु आपुलकीच्या वर्तुळात ऐकलेला आवाज हा समाजाचा आवाज समजणे ही 'लिटररी डायजेस्ट'चीच चूक आहे. प्रत्येक वस्तीत यादीतले दर विसावे घर ठरवून, ते ओळखीचे असो वा नसो, तेथे जाऊन केवळ ऐकून यावे. मत मागू नये, वाद घालू नये. मिळेल ते उत्तर कदाचित कडू असेल, पण ते निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

सर्वेक्षणाचे खरे प्रयोजन भविष्य वर्तविण्याचे नाही. जो सभेला येत नाही, घोषणा देत नाही आणि दारापुढे थांबून बोलत नाही, त्याचेही म्हणणे ऐकू यावे, यासाठी हे शास्त्र निर्माण झाले. भात खालीवर केल्यावाचून शीत उचलू नये, एवढे पथ्य चाचणी करणाऱ्यांनी पाळावे. आणि तो तसा केला होता काय, हे विचारल्यावाचून आकड्यावर विश्वास ठेवू नये, एवढे पथ्य वाचकांनी!