टेकडीवरचा बंगला आणि आपण

सप्टेंबर संपता संपता दोह्यातला उकाडा जरा उतरतो आणि हॉटेलांमध्ये आपल्याकडच्या बिल्डरांची प्रदर्शनं सुरू होतात. गेल्या वर्षी मीही अशा एका प्रदर्शनाला गेलो होतो. चहा-समोसा झाला आणि हातात चकचकीत ब्रोशर आलं. पुण्यातल्या टेकडीच्या उतारावर बंगल्यांचे प्लॉट, खाली दिव्यांनी लखलखणारं शहर. खोटं कशाला बोलू, मी पाघळलो. कतारमधला सगळ्यात उंच भाग जेमतेम १०३ मीटरचा. अशा सपाटीवर वर्षानुवर्षं काढलेल्या मराठी माणसाला टेकडीची ओढ लागणारच.

मी सहज विचारलं, "हा उतार कुठल्या झोनमध्ये येतो?" उत्तर मिळालं, "सध्या अडचण आहे सर, पण नियम बदलतायत. होऊन जाईल."

हे 'होऊन जाईल' पुण्यात पंचवीसेक वर्षं चाललं आहे. १९९७ मध्ये आजूबाजूची गावं पुणे महापालिकेत आली. त्यांपैकी २३ गावांचा विकास आराखडा तयार करताना बाणेर, बावधन, वारजे, कात्रज, कोंढवा अशा भागांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण सुचवलं गेलं. क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर. महापालिकेत त्यावर मोठा वाद झाला. एका बाजूला टेकड्या वाचवा म्हणणारे नागरिक, दुसऱ्या बाजूला जमीनमालक, आणि मध्ये 'चार टक्के बांधकामाला तरी परवानगी द्या' असा प्रस्ताव. शेवटी २०१५ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की बीडीपीत बांधकाम नाही, मालकांना ८ टक्के टीडीआर मिळेल. वाद मिटला असं वाटलं. पण २०२५ मध्ये बीडीपी आणि डोंगरमाथा-डोंगरउताराच्या नियमांचा पुन्हा विचार करायला सरकारने अभ्यासगट नेमला, आणि ब्रोशरवाल्यांना नवा हुरूप आला.

चार टक्क्यांच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, चार टक्क्यांवर बंगला होईल, उरलेल्या ९६ टक्क्यांवर मालक झाडं लावेल, राखण करेल. नाहीतर आरक्षित टेकडीवर रातोरात पत्र्याच्या शेड उभ्या राहतात, त्या कोण काढणार? प्रश्न खरा आहे.

पण जरा हिशोब मांडून बघा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्याचे चार टक्के म्हणजे साधारण ४४ चौरस फूट. तेवढ्यात न्हाणीघर होईल. एक एकरवाल्याला १७४२ चौरस फूट मिळतील. आणि दहा एकरवाल्याला? सतरा हजार चौरस फुटांहून मोठा वाडा. म्हणजे गरीब शेतकऱ्याचं नाव पुढे करून मागितलेली सवलत प्रत्यक्षात पडते ती मोठे तुकडे गोळा करून बसलेल्यांच्या पदरात. शिवाय टेकडीवर बंगला एकटा येत नाही. त्याला रस्ता लागतो, पाण्याची लाइन लागते, ड्रेनेज लागतं, उतार कापून उभी केलेली भिंत लागते. हे काही त्या चार टक्क्यांत मोजलेलं नसतं.

आणि उतार कापला की पाणी आपली वाट बदलतं. ६ जून २०१३ ला कात्रजच्या बोगद्याजवळ शिंदेवाडीत हेच झालं. प्लॉटिंगसाठी डोंगर फोडला होता, ओढ्याची वाट अडली होती. पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि गाडीतली एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. त्या मायलेकींचा त्या प्लॉटशी काडीचा संबंध नव्हता. टेकडीवरच्या घराचं हेच आहे. सुख वरच्याचं, धोका खालच्याचा. पाण्याला वाट मिळाली नाही तर काय होतं, हे आपणही इथे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पाहिलंय. दोह्यातले अंडरपास तेव्हा हौदासारखे भरले होते, आणि इथे तर डोंगरही नाही!

आता दुसरी बाजू, जी मला माझ्या मावशीने ऐकवली. वारज्याला तिची सासऱ्यांच्या वेळची एक एकर जमीन आहे, आरक्षणात गेलेली. टेकड्यांबद्दल मी फार उत्साहाने बोलायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "अरे, सकाळी फिरायला येणारे तुम्ही, हवा खाणारे तुम्ही, आणि किंमत मात्र आम्ही मोजायची? काका गेले तरी त्या कागदाची वाट बघत होते." मला उत्तर सुचलं नाही. आठ टक्के टीडीआर म्हणजे तिच्या एकराला साधारण ३४८५ चौरस फुटांचा कागद, आणि तो मिळवायला माराव्या लागणाऱ्या चकरा वेगळ्या. टेकडी सगळ्या शहराची असेल तर तिची किंमतही सगळ्या शहराने द्यायला हवी. म्हणून माझं मत असं: टेकडीवर एक टक्काही बांधकाम नको, पण छोट्या मालकांचा मोबदला वाढवा, ठरलेल्या मुदतीत द्या, आणि आधी त्यांना द्या. मोबदला रखडवत ठेवून आरक्षण टिकत नाही. मालक कंटाळतो आणि मिळेल त्या भावाला विकून मोकळा होतो.

यात आपला काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. ती प्रदर्शनं इथे भरतात, कारण गिऱ्हाईक इथे आहे. 'होऊन जाईल' या शब्दावर टोकन देणारे आपणच. आपण दिलेल्या टोकनच्या जोरावर नियम बदलायचा दबाव वाढतो. तेव्हा पुढच्या प्रदर्शनात एवढं करा. सातबारा बघाच, पण महापालिकेचा किंवा नगररचना विभागाचा झोन दाखला मागा. जागेचा उतार विचारा. पाच फूट पुढे जाताना एक फूट चढ असेल, तर तिथे बांधकामाचा विचार सोडलेलाच बरा. आणि समोरचा 'नियम बदलतायत' म्हणाला, तर चहा संपवा आणि घरी या.

मी तो प्लॉट घेतला नाही. दिवाळीत पुण्याला गेलो की पहाटे वेताळ टेकडी चढतो. वर माझं घर नाही, कोणाचंच नाही. म्हणून तर वर जायला कोणाची परवानगी लागत नाही.