खडू लेकराच्याच हाती राहू द्या



आम्ही तिसरीत असताना आमच्याकडे रंगपेटी नव्हती. चित्रकलेच्या तासाला ज्यांच्याकडे रंग नाहीत त्यांनी व्हरांड्यात उभे राहायचे, असा गुरुजींचा शिरस्ता होता. तिथे उभे राहून आम्ही मनाशी एक पक्के केले, की चित्रे काढणे हा पैसेवाल्यांच्या मुलांचा उद्योग आहे.

पुढे नोकरी लागली, संसार झाला. थोरला मुलगा पाच वर्षांचा झाल्यावर आम्ही हौसेने बारा रंगांची पेटी आणली. जयंतीनिमित्त वस्तीत चित्रकला स्पर्धा होती. आठवडाभर रोज संध्याकाळी त्याचा हात आपल्या हातात धरून आम्ही विहाराचे चित्र गिरवून घेतले. रेघ वाकडी गेली की खोडरबर, पुन्हा गेली की धपाटा. बक्षीस मिळाले. त्यानंतर मात्र पुढ्यात कागद ठेवला की तो खडू आमच्याकडे सरकवी आणि म्हणे, "पप्पा, तुम्हीच काढा. मला नाही जमत." जे गुरुजींनी आमचे केले, तेच आम्ही प्रेमापोटी आपल्या लेकराचे केले होते.

धाकटीच्या वेळी आम्ही शहाणे झालो. महासतिपट्ठान सुत्तात तथागतांनी श्वासाकडे लक्ष कसे ठेवावे हे सांगताना कातारीचे उदाहरण दिले आहे. कुशल कातारी किंवा त्याचा शिकाऊ लांब फेरा घेताना 'मी लांब फेरा घेतो आहे' हे जाणतो, आखूड फेरा घेताना तेही जाणतो. आपल्यातले जे बांधव लेथवर टर्नर आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. हात चालतो आणि लक्ष हातापाशी असते, तीच सजगता. मोठ्यांनी डोळे मिटून बसावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र हाताला काम देऊनच ती शिकवता येते. त्यासाठी आमच्या घरी आणि विहारातील रविवारच्या वर्गात आम्ही जे करतो ते सांगतो. खर्च जवळजवळ काही नाही. लग्नपत्रिकांची कोरी बाजू आणि जुन्या वह्यांची उरलेली पाने यावर काम भागते.

पहिली, श्वासाची रेघ. श्वास आत घेताना खडू वर न्यायचा, सोडताना खाली आणायचा. श्वास लांब तर रेघ लांब, आखूड तर आखूड. श्वास रोखून धरायला लावू नये. पाच-सहा रेघांत मूल आपोआप शांत होते.

दुसरे, पिंपळाचे पान. खाली पडलेले पान हातात द्यावे. मधल्या शिरेवरून, मग बाजूच्या शिरांवरून बोट फिरवू द्यावे. मग पान पालथे ठेवून त्यावर पातळ कागद ठेवावा आणि खडू आडवा धरून हलके घासू द्यावे. जाळी उमटू लागली की मूल श्वास घ्यायचे विसरते, इतके ते पाहण्यात गुंतते.

तिसरा, हळदीचा कागद. हळद पाण्यात कालवून कागदावर फासावी आणि वाळू द्यावी. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर रेघ ओढू द्यावी. पिवळ्यावर लाल रेघ उमटते. साबणातल्या खारामुळे हे होते, जादूमुळे नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे. जुने कपडे घालावेत, डाग जात नाही. साबणाचे बोट डोळ्यांत जाऊ देऊ नये.

आता मोठ्यांसाठी पथ्य. दहा मिनिटे टीव्ही बंद, मोबाईल फळीवर. मुलाचा हात धरायचा नाही. 'हे काय काढलेस?' असे उलटतपासणी घेतल्यासारखे विचारायचे नाही. 'मला सांग ना याच्याविषयी' म्हणायचे आणि ऐकायचे. 'छान' म्हणून मोकळे होण्याऐवजी जे दिसते ते बोलावे: 'ही रेघ खूप लांब गेली की!' शेजारच्या मुलाशी तुलना नको, नंबर नको. मूल कंटाळले तर तिथेच थांबावे.

काही माता-पिता म्हणतात, आधी अभ्यास, चित्रांनी पोट भरते काय? बाबासाहेबांइतका अभ्यास कोणी केला? तरी त्यांनी उतारवयात चित्रकलेचे धडे घेतले आणि उघड्या डोळ्यांचा बुद्ध रेखाटला. नीट पाहायला शिकणे हाही अभ्यासच आहे.

गेल्या रविवारी धाकटी पान घासत बसली होती. थोरला आता अकरा वर्षांचा आहे. तो येऊन तिच्या शेजारी बसला आणि एक कागद ओढून घेतला. आम्ही काही बोललो नाही. त्याने काय काढले, ते अजून विचारलेलेही नाही. सांगेल तेव्हा ऐकू.

जयभीम!