जुनी जीपगाडी घेताना



उसाचे बिल हाती आले की उंब्रजच्या पंचक्रोशीत चारचाकीचा विषय निघतोच. पालीची यात्रा, लेकीचे सासर, म्हाताऱ्या माणसांचा दवाखाना. घरची सात माणसे एकदम न्यायची तर जीपसारखी उंच गाडी बरी. नवी झेपत नाही, म्हणून आपण जुनी शोधतो. फसगत होते ती इथेच.

आधी गाडी कोणती ते ठरवा. टाटा सुमो १९९४ साली आली आणि २०१९ साली बंद झाली. बोलेरो २००० साली आली, ती अजून निघते. जिचा मिस्त्री आणि सुटे भाग जवळ मिळतात, तीच आपली.

रंगाला भुलू नका. सकाळी लवकर जाऊन बॉनेटला हात लावा. गरम लागले, तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती असे समजा. निळा धूर निघाला तर ऑइल जळते आहे. चालू इंजिनाच्या ऑइलचे झाकण काढा. भकाभका धूर आला तर इंजिनकाम निघणार. किलोमीटर कमी पण क्लचचे पॅडल झिजून गुळगुळीत, अशी गाडी वडापला पळालेली असू शकते.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठी पाणी शिरले होते. बुडालेली गाडी धुऊन-रंगवून विकायला येऊ शकते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा, मॅट उचला. गाळ दिसला तर परत फिरा. अशा गाडीच्या वायरिंगचे दुखणे सरत नाही.

सातबाऱ्यावर बोजा पाहता, तसा आरसी बुकावरही पाहा. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. चासी नंबर ताडून पाहा. १५ वर्षे उलटली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, ते विचारा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरटीओत नाव चढवा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्या.

गाडी विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. कागदावर नाव तुमचे राहिले, तर अपघाताची भरपाई तुमच्या गळ्यात पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नोंदलेल्या मालकालाच जबाबदार धरले आहे. म्हणून ‘नाव नंतर करू’ हा शब्द चालवून घेऊ नका.

बैलासाठी आपण चार बाजार फिरतो. गाडीत तर सगळे घर बसणार आहे. चार गाड्या पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.