दोष खेळात होते, खोट विक्रीत होती

एखादा महत्त्वाकांक्षी व्हिडिओ गेम बिघडलेल्या अवस्थेत बाजारात आला की दोन बाजू पडतात. एक म्हणते, एवढी मोठी उडी मारायचीच कशाला? दुसरी म्हणते, कलाकृती आहे, सांभाळून घ्या. दोन्ही चूक आहेत.

'सायबरपंक २०७७' घ्या. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने तो १० डिसेंबर २०२० रोजी आणला. प्लेस्टेशन ४ वर तो धड चालेना. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला. समीक्षकांना मात्र आधी पीसीवरचाच खेळ दिला होता. जुन्या कन्सोलवरची दुर्दशा ग्राहकाला पैसे मोजल्यावर कळली. याला बग म्हणत नाहीत, लपवाछपवी म्हणतात.

'पुढे सुधारलाच ना?' हा बचावही अर्धाच खरा. २०२३ चं गाजलेलं २.० अपडेट प्लेस्टेशन ४ ला मिळालंच नाही.

तरीही ते अवाढव्य शहर आणि त्यातल्या माणसांच्या गोष्टी पहिल्या दिवशीही दमदारच होत्या. अपडेटने ते स्वप्न नीट दिसू लागलं, जन्माला आलं नाही.

म्हणून जाब विचारा, पण अर्धा माल पुरता म्हणून विकणाऱ्याला. स्वप्न पाहणाऱ्यालाच झोडपलंत, तर उद्या कधी न बिघडणारे आणि कधी न आठवणारे खेळच उरतील.